अंधत्व हे नशीब नव्हे
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त येडशी येथे केलेले भाषण)

 

मी काही डॉक्टर नाही. सूतगिरणीतला कामगार आहे. शाळा अर्ध्यातच सुटली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. तरी आज डोळ्यांवर बोलायला उभा आहे, कारण माझी आई शेवटची आठ वर्षे अंधारात काढून गेली.

मी लहान असताना आमच्याकडे एका शाळेत डोळ्यांचे शिबिर भरले होते. वर्गातच टेबले मांडून शस्त्रक्रिया झाल्या. माझ्या चुलतीच्या डोळ्यात पू झाला आणि तो डोळा कायमचा गेला. तेव्हापासून वस्तीत एकच बोलणे, "हाय ते दिसणं बी जाईल." पुढे आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शेजारच्या बाया म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं असतंय काहीतरी." आई म्हणाली, "असू दे लेकरा, आता मला काय बघायचं ऱ्हायलंय?" आणि मी, सभेत विज्ञानवादावर तास-तास बोलणारा माणूस, गप्प बसलो. खरे सांगतो, दोन खाडे पडतील, पगार कापला जाईल, हाही हिशेब माझ्या डोक्यात होता. माझ्या धाकट्या मुलीचे तोंड आईने हातानेच चाचपून पाहिले.

बंधू-भगिनींनो, मागच्या जन्माच्या पापामुळे या जन्मी दुःख येते ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. तीच शिकवण देऊन आपल्याला पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले होते. मग तीच गोष्ट आपण आपल्या आईच्या डोळ्यांबाबत कशी काय मान्य करतो?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. काच धुरकट झाली की उजेड आत येत नाही, तसेच हे आहे. ते भिंग काढून नवे बसवले की दिसते. आता बहुतेक वेळा टाकासुद्धा पडत नाही. २०१५ ते २०१९ या काळात देशात पाहणी झाली. पन्नाशीच्या पुढच्या अंध माणसांत १०० पैकी ६६ जण मोतीबिंदूमुळे अंध निघाले. म्हणजे तीनातल्या दोघांना पुन्हा दिसू शकले असते.

मग दिसत का नाही? माझ्या घरचेच पाहा. चुलतीच्या वेळी जागा अस्वच्छ होती, हात तयार आहे की नाही हे विचारणारे कोणी नव्हते. आईच्या वेळी हाताला धरून नेणारे कोणी नव्हते. या दोन्ही गोष्टी माणसांनी सुधारून दाखविल्या आहेत.

तमिळनाडूत डॉ. वेंकटस्वामी नावाचे गृहस्थ होते. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्या बोटांनी त्यांनी शस्त्रक्रिया करायला शिकून घेतले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. ज्याची ऐपत आहे त्याने पैसे द्यायचे, त्यातून गरिबाचे फुकट करायचे. परदेशी भिंग गरिबाला परवडेना, म्हणून १९९२ साली तिथेच भिंगांचा कारखाना काढला. खेड्यातल्या मुली निवडून त्यांना दोन वर्षे शिकवतात. तपासणी, मापे, तयारी सगळी त्या करतात. डॉक्टरच्या दोन बाजूंना दोन टेबले. एक शस्त्रक्रिया संपेपर्यंत दुसरा रुग्ण तयार. आपल्या गिरणीत जशी खातेवार कामाची वाटणी असते, तशीच ही.

आणि शिकवणे कसे? रिंग खात्यात नवा पोरगा आला तर पहिल्या दिवशी त्याच्या ताब्यात मशीन देत नाहीत. जुना कामगार धागा सांधून दाखवतो, मग शेजारी उभा राहून त्याच्याकडून सांधून घेतो. डोळ्याच्या डॉक्टरचेही तसेच. आधी जनावराच्या डोळ्यावर सराव, मग गुरूच्या नजरेखाली एकेक पायरी. देशोदेशीचे डॉक्टर मदुराईला येऊन असे शिकून जातात.

भगवान बुद्धांची जन्मभूमी नेपाळ. तिथले डॉ. सांदुक रुइत यांनी १९९४ साली काठमांडूला तिलगंगा हे नेत्र रुग्णालय उभारले. ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज यांची त्यांना साथ होती. तिथेही स्वस्त भिंगे बनू लागली आणि इतर गरीब देशांचे डॉक्टर तिथे शिकू लागले. एका डॉक्टरने हजारोंना दृष्टी दिली हे मोठेच, पण त्याने शंभर डॉक्टर तयार केले तर ते काम त्याच्या माघारीही चालते.

आणि लांब कशाला जायचे? आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले माकेगाव. तिथल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा डॉ. तात्याराव लहाने. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेत्रविभाग सांभाळला. १९९५ साली आईने स्वतःचे मूत्रपिंड देऊन त्यांना जगवले. त्या माणसाने एक लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले. आनंदवनात जाऊन कुष्ठरोग्यांचे डोळे केले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉक्टर तयार झाले, भिंग स्वस्त झाले, सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत झाली. शिबिरात आता फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच करायची, अशी पद्धत आली. आता राहिले हाताला धरून नेणे. ते काम या विहाराचे आहे.

माझी विनंती अशी. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला एकेक डोळा झाकून दहा पावलांवरची बोटे मोजायला सांगा. ज्याला जमणार नाही त्याचे नाव वहीत लिहा आणि तरुणांनी त्याला धाराशिवला जिल्हा रुग्णालयात घेऊन जावे. "मोतीबिंदू पिकू द्या" म्हणून थांबू नका. ती जुनी समजूत आहे. काचबिंदू असेल तर गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणी लवकर करा. साखरेचा आजार असणाऱ्यांनी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, हे आपण विसरू नये. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात औषध घालावे लागते. घरात कोणी नसेल तर शेजारच्या उपासिकेने ते करावे.

खर्चाचे म्हणाल तर जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर किती जातात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातला थोडा पैसा गाडीभाड्याला आणि ज्याची मजुरी बुडते त्याला द्या. बाबासाहेबांना त्याने कमीपणा येणार नाही.

माझ्या आईसाठी आता मला काही करता येत नाही. पण आज या मंडपात मागे भिंतीला टेकून बसलेली एखादी आजी मला फक्त आवाजावरून ओळखत असेल. पुढच्या वर्धापन दिनाला तिने मला पाहून ओळखावे, एवढीच माझी इच्छा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!