चौक कोणाच्या मालकीचा?



अमेरिकेतील मिनियापोलिसजवळच्या एडायना या उपनगरात १९५६ साली साउथडेल हे बंदिस्त, वातानुकूलित व्यापारसंकुल सुरू झाले. त्याचे वास्तुशिल्पकार व्हिक्टर ग्रुएन हे नाझी राजवटीमुळे १९३८ साली व्हिएन्ना सोडून आलेले समाजवादी. दुकानांभोवती घरे, शाळा, दवाखाना, उद्यान असावे, विखुरलेल्या उपनगराला एक चौक लाभावा, ही त्यांची कल्पना होती. उभी राहिली ती दुकाने. भोवती पसरला मोटारतळ. १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतींवर वाढीव दराने घसारा मान्य केला होता. साहजिकच अशी संकुले बांधणे भांडवलदारांना किफायतशीर ठरले. १९७८ साली ग्रुएन यांनी या अपत्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. परंतु दोष आराखड्याचा नव्हता, मालकीचा होता. जमीन खाजगी असली की चौकही खाजगीच होतो. तेथे ग्राहकाचे स्वागत असते, नागरिकाला हक्क नसतो.