दाताचा दवाखाना आणि कानातलं गाणं

लेकराचा दात किडला, की कर्नाटकातल्या भालकीचे आईवडील बिदर, कलबुर्गी नाहीतर लातूर गाठतात. बिदर आणि कलबुर्गीला तर दंत महाविद्यालयंच आहेत. पण पुष्कळ लेकरं दुखायच्या आधीच रडू लागतात. दात कोरायच्या यंत्राची किरकिर कानी पडली, की पुरे.

ही किरकिर झाकायचा प्रयोग जुना आहे. अमेरिकेतले दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि शास्त्रज्ञ लिकलायडर यांनी १९६० साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. रुग्णाच्या कानांवर हेडफोन, त्यातून संगीत आणि धबधब्यासारखा आवाज. तो कमी-जास्त करायचं बटण रुग्णाच्याच हाती. मला ते बटण फार मोलाचं वाटतं. घाबरलेल्या जिवाच्या हाती काहीतरी राहतं.

मात्र गाणं म्हणजे दात बधिर करणारं इंजेक्शन नव्हे. २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांची भीती संगीतानं फारशी घटली नाही; तरी बहुतेकांना पुढच्या वेळीही गाणं हवं होतं. नंतरच्या काही अभ्यासांत भीतीही कमी झालेली दिसली.

आपल्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड, गल्लीत उर्दू. गाणं कोणत्याही भाषेतलं असो, निवडू द्या लेकरालाच. ते मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि खुर्चीत बसण्यापूर्वी सुरू करा. आवाज इतकाच ठेवा, की डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल. आणि हात वर केला की थांबायचं, ही खूण डॉक्टरांशी आधी ठरवून घ्या.