पारदर्शक बाटलीतलं तेल

घाण्याच्या तेलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. एवढं महागाचं तेल, बाटली सीलबंद, गॅसपासून लांब ठेवलेली, तरी खवट कसं झालं?

मी उलट विचारतो, बाटली पारदर्शक आहे का? बहुतेक वेळा असते.

हवेनं तेल खवट होतं, हे आपल्याला माहीत असतं. पण ते काम आधी रेंगाळतं. तेलातलं ई जीवनसत्त्व त्याला बरेच दिवस थोपवून धरतं. उजेडाची वाट निराळी. तेलात किंचित क्लोरोफिल उतरलेलं असतं, पानातलं हरितद्रव्यच ते. मोहरीच्या, ऑलिव्हच्या तेलात जरा जास्त. ते उजेड शोषून घेतं आणि ती ऊर्जा तेलात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतं. असा चेतलेला ऑक्सिजन, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजन, तेलातल्या लिनोलिक आम्लावर साध्या ऑक्सिजनच्या हजारपटीहून जास्त वेगानं तुटून पडतो. सीलबंद बाटलीतही थोडा ऑक्सिजन असतोच ना!

गंमत म्हणजे हेच क्लोरोफिल अंधारात तेलाला उलट थोडं सांभाळतं.

रिफाइंड तेलात ब्लीचिंगच्या मातीनं ते बरंचसं काढलेलं असतं. घाण्याचं तेल आपण नुसतं निवळून, गाळून घेतो, म्हणजे रंगद्रव्यं आतच. तेच आपल्याला हवं असतं, मग त्याला काळोखही द्यायला नको का? दुकानात एसी असतो आणि बाटल्या मात्र भगभगीत दिव्याखाली! या क्रियेला तापमानाचं फारसं सोयरसुतक नाही, नुसत्या गारव्यानं ती थांबत नाही.

आणखी एक. करडईत लिनोलिक आम्ल भरपूर, म्हणून ते लवकर बिघडतं, शेंगदाण्याचं टिकतं, हा आपला हिशेब अंधारात बरोबर आहे. उजेडात हा फरक पुष्कळ कमी होतो, कारण सिंगलेट ऑक्सिजनला शेंगदाण्यातलं ओलिक आम्लही चालतं.

तेव्हा स्टीलची बरणी किंवा पत्र्याचा डबा, काठोकाठ भरलेला. काचेचीच बाटली हवी असेल तर गडद तपकिरी घ्या, आणि कपाटात ठेवा. मात्र दुकानाच्या काचेत महिनाभर उभी असलेली बाटली घरी आणून अंधारात ठेवली, तर फार उशीर झालेला असतो. उजेडात तयार झालेल्या पेरॉक्साइडना वास नसतो. ती पुढे अंधारातही फुटत राहतात, आणि वास येतो तो तेव्हा.