गोदामातलं ऑर्डर पिकर यंत्र



या व्यासपीठावर संगीत, साहित्य, आरोग्य असे विषय होतात. यंदा समितीने आम्हाला यंत्रावर बोलायला सांगितलं, कारण आपल्या इंदूरच्या घरांतली बरीच मुलं आता पीथमपूर-देवासकडच्या गोदामांत नोकरीला लागली आहेत. आम्ही डिप्लोमावाले; सिद्धांत कमी, कळ कुठे आहे ते जास्त सांगणार.

सियागंजातली वखार तुम्ही पाहिलेली आहे. पोती एकावर एक रचलेली, हमालाच्या पाठीवर ओझं. माल पोत्याने यायचा, पोत्यानेच जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कराच्या सोयीसाठी राज्याराज्यांत ठेवलेली छोटी गोदामं एकत्र होऊ लागली. मोठ्या गोदामांतले रॅक दहा मीटरपर्यंत, म्हणजे तीन मजली घराएवढे चढले. शिवाय गिऱ्हाइकाला अख्खं पॅलेट नको असतं; साबणाचे दोन खोके आणि एक कुकर हवा असतो.

फोर्कलिफ्ट अख्खं पॅलेट खाली आणते, चालवणारा खालीच बसतो. ऑर्डर पिकरमध्ये चालवणारा ज्यावर उभा असतो तो प्लॅटफॉर्म आणि पुढचे काटे एकत्रच वर जातात. स्क्रीनवर कप्प्याचा नंबर येतो. तिथे जायचं, दोन खोके काट्यांवरच्या पॅलेटवर ठेवायचे, पुढचा कप्पा गाठायचा. यंत्र बॅटरीवर चालतं, धूर नाही. उंची वाढली की वेग आपोआप कमी होतो, पायाखालचं पेडल सोडलं की ब्रेक लागतो. यंत्र शहाणं आहे हो, तक्रार त्याची नाहीच.

एका गोदामात आम्हाला हार्नेस खिळ्याला टांगलेले दिसले, वर धूळ बसलेली. तिथला मुलगा म्हणाला, "काका, पट्टा लावला की हात पुरत नाही, आणि तासाचा आकडा राहून जातो." हात पुरत नसेल तर यंत्र कप्प्याजवळ न्यावं, कठड्यावर पाय ठेवून वाकू नये. आकड्याचं काय करायचं ते मालकाने बघावं.

पण पट्टा लावून काम संपत नाही. माणूस घसरला तर तो पट्ट्याला लटकतो, आणि तसं लटकत राहिलं की पायांत रक्त साचून थोड्याच मिनिटांत शुद्ध हरपू शकते. म्हणून यंत्राच्या खालच्या भागात, जमिनीवरून हात पोचेल असा, प्लॅटफॉर्म हळू उतरवायचा आणीबाणीचा व्हॉल्व्ह दिलेला असतो. तो कुठे आहे हे वरच्याला माहीत असून उपयोग काय? खाली उभ्या असलेल्याला माहीत हवं. पाळीतल्या प्रत्येकाने तो एकदा स्वतः फिरवून बघितलेला असावा.

आणि जिथे ऑर्डर पिकर घेतलेलाच नाही, तिथे फोर्कलिफ्टच्या काट्यांवर रिकामं पॅलेट ठेवून त्यावर पोराला उभं करतात. कठडा नाही, पट्टा अडकवायला जागा नाही. असं काम सांगितलं तर मुलांनी सरळ नाही म्हणावं, आणि घरच्यांनी त्यावरून त्यांना बोलू नये.

यंत्राची आकृती आम्ही मोठ्या कागदावर काढून आणली आहे, व्हॉल्व्ह लाल रंगात दाखवला आहे. आरतीनंतर ती प्रसादाच्या टेबलाशेजारी लावतो. गोदामात जाणाऱ्यांनी फोटो काढून घ्यावा.