बँकेतली गोष्ट बँकेत
(प्रौढ साक्षर वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी बँकेविषयी बोलणार आहे. खाते कसे उघडावे, व्याज कसे मिळते, हे तुमच्या वर्गात शिकवून झाले आहे. ते पुन्हा सांगत नाही. आज एवढेच सांगायचे आहे की, बँकेच्या खिडकीशी आपण जे बोलतो आणि जे लिहितो, ती आपली खाजगी गोष्ट आहे. ती बँकेने जपली पाहिजे. आपणही जपली पाहिजे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "आम्ही गरीब माणसं. खात्यात असतात हजार-दोन हजार. त्यात लपवायचं काय?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आपल्या ह्या परळ-लालबागच्या जुन्या हकीकतीत सापडते.

पूर्वी इथे कापडाच्या गिरण्या होत्या. भोंगा झाला की हजारो माणसे आत जात, भोंगा झाला की बाहेर येत. पगाराच्या दिवशी मात्र फाटकाबाहेर आणखी काही माणसे उभी असत. ते सावकार. कामगार पगार घेऊन बाहेर पडला की सावकार त्याला तिथेच गाठी आणि व्याजाचे पैसे काढून घेई. हातात काठी असली की कोर्टकचेरीची गरज पडत नसे.

सरकारने १९२९ साली कामगारांची स्थिती पाहण्यासाठी एक रॉयल कमिशन नेमले. व्हिटली साहेब त्याचे अध्यक्ष होते. कमिशनचा अहवाल १९३१ साली आला. फाटकापाशी टपून बसणाऱ्या सावकारांची गोष्ट त्यात आहे. कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस कमिशनने केली.

आता विचार करा. सावकाराचे बळ नुसत्या काठीत होते काय? पगार कोणत्या तारखेला होतो, कोण कोणत्या फाटकातून बाहेर पडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. ते ठाऊक नसते, तर काठी घेऊन तो उभा कोठे राहिला असता? दुसऱ्याकडे पैसे कधी येतात आणि किती येतात हे ज्याला कळते, त्याचा हात त्या पैशापर्यंत पोचतो. श्रीमंताची गोष्ट फुटली तर त्याची थोडी अडचण होते. गरिबाची फुटली तर घरची चूल थंड पडते.

आता त्या गिरण्या गेल्या. पगार, पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, गावाकडच्या जमिनीचे पैसे, हे सारे आता बँकेत येते. जी माहिती पूर्वी फाटकापाशी उघडी पडत असे, ती आता बँकेच्या हाती आहे. म्हणून बँकेने ती जपायची.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका चाळीत राहणारी बाई आहे. चार घरी पोळ्या करते. नवऱ्याला दारूचे व्यसन. मुलीला नर्सिंगला घालायचे म्हणून तिने खात्यात चाळीस हजार रुपये साठवले. फी भरायचा दिवस आला. बाई बँकेत गेली. रांग मोठी होती. रांगेत चाळीतलीच दोन माणसे होती. तिने स्लिप पुढे केली. खिडकीतला कारकून मोठ्याने म्हणाला,

"काय मावशी, आज एकदम चाळीस हजार? मुलीचं लग्न काढलं की काय?"

रांग हसली. कारकुनाच्या मनात वाईट काही नव्हते. त्याने आपली गंमत केली. पण दुपारी ती गोष्ट चाळीच्या नळावर पोचली आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर गेली. पुढे त्या घरात काय झाले असेल, ते मी सांगायला नको. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपण म्हणतो. इथे ती मूठ दुसऱ्यानेच उघडली.

हेच काम नीट कसे व्हावे? कारकुनाने स्लिप मनात वाचावी. रक्कम तोंडाने उच्चारू नये. काही विचारायचे असेल तर आकड्यावर बोट ठेवावे आणि म्हणावे, "मावशी, बरोबर आहे ना?" मावशींनी मान हलवावी. नोटा पुढे सरकवताना "मोजून घ्या" म्हणावे. संपले. ह्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

जुन्या बँकांत पैसे काढणाऱ्याला पितळेचा बिल्ला देत. त्यावर नंबर असे. "बावीस नंबर!" अशी हाक येई. बावीस नंबरचा माणूस कोण, त्याने किती काढले, हे बाकावर बसलेल्यांना त्या हाकेतून कळत नसे. आता पुष्कळ ठिकाणी कागदाचे टोकन मिळते आणि पाटीवर नंबर लागतो. बिल्ला गेला तरी त्यातली चांगली रीत राहिली पाहिजे.

हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही. हा कायदा आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्यांच्यासाठी १९७० साली केलेल्या कायद्याचे कलम १३ गुप्ततेविषयी आहे. स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यात कलम ४४ तसेच आहे. ह्या बँकांतल्या प्रत्येक नोकराला कामाला लागण्यापूर्वी प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते की, मी इमानाने वागेन आणि गुप्तता पाळीन. मोठ्या साहेबालाही करावी लागते, लहान नोकरालाही करावी लागते.

रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. तिच्यात पाच हक्क सांगितले आहेत. त्यांपैकी एक खाजगीपणाचा आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा आपल्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो सर्वांना आहे. खात्यात किती पैसे आहेत हे पाहून तो मिळत नाही.

बँकेने तोंड उघडले तर काय होते, ह्याचा एक जुना खटला इंग्लंडातला आहे. टूर्निए नावाच्या एका माणसाने बँकेचे थोडे देणे केले होते. नऊ-साडेनऊ पौंडांचे. दर आठवड्याला एक पौंड फेडण्याचे ठरले. हप्ते थांबले. तेव्हा बँकेच्या मॅनेजरने त्याच्या मालकाकडे टेलिफोन केला. त्याच्या घरचा पत्ता विचारता विचारता तो कर्जात आहे, पैसे जुगाराकडे जातात, असे बोलून गेल्याचा आरोप झाला. त्याची नोकरी पुढे चालू राहिली नाही. तो कोर्टात गेला. अपील कोर्टाने सांगितले की, ग्राहकाची गोष्ट गुप्त ठेवणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. आपल्या देशातली कोर्टेही ह्या निकालाचा आधार घेतात.

मग बँकेने कधीच कोणाला काही सांगू नये काय? तसे नाही. त्याच निकालात चार प्रसंग सांगितले आहेत. कायद्याने सांगणे भाग असेल तेव्हा. लोकांच्या हितासाठी सांगणे जरूर असेल तेव्हा. बँकेला स्वतःच्या हक्कासाठी सांगावे लागेल तेव्हा, जसे की बुडालेल्या कर्जाचा दावा. आणि चौथा, आपण स्वतः परवानगी देतो तेव्हा. चोरी लपवण्यासाठी हा हक्क नाही. पण शेजाऱ्याची उत्सुकता ह्या चारांत कोठेच बसत नाही.

नवरा बँकेत आला आणि म्हणाला, "माझ्या बायकोच्या खात्यात किती आहेत ते सांगा," तर? खाते बायकोच्या एकटीच्या नावावर असेल, तर तिच्या परवानगीवाचून बँकेने सांगू नये. बायकोने नवऱ्याचे विचारले, मुलाने आईचे विचारले, तरी नियम तोच. आपल्या मागे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत म्हणून आपण नाव नोंदवतो. त्याला नॉमिनेशन म्हणतात. पासबुकावर 'नॉमिनेशन नोंदले आहे' एवढे छापता येते. नाव छापायचे की नाही, ते आपण सांगायचे. घरात पासबुक दहा हातांत जाते. ज्यांना त्यावरून भांडण नको असेल, त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगावे.

आता दुसरी बाजू. बँकेत ताकाला जाऊन भांडे लपवू नका. लालबाग-परळला कितीतरी बायका गिरणी कामगारांसाठी घरी खानावळ चालवत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज ह्यांत त्या पिचून जात. प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मंडळाच्या आधाराने त्यांना सरकारी बँकांचे कर्ज मिळू लागले. कर्ज मागायचे म्हणजे धंद्याचा हिशोब सांगावा लागतो. किती माणसे जेवतात, खर्च किती, देणे किती. ते खरे सांगावे. पण ते बँकेच्या साहेबाला सांगावे, रांगेला नव्हे. सरळ म्हणा, "साहेब, मला बाजूला बसून बोलायचं आहे." असे म्हणण्यात उद्धटपणा नाही.

पतपेढीत तर जास्तच जपावे लागते. मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी १९०६ साली निघाली. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी एकमेकांच्या अडीनडीसाठी काढलेली अशी संस्था ओळखीवर चालते. पण ओळखीमुळेच गोष्ट षट्कर्णी व्हायला वेळ लागत नाही. संचालक आपल्याच मजल्यावर राहतो. जामीन आपल्याच कारखान्यातला. कर्जाचा जो अर्ज कमिटीत पाहिला, तो गणपतीच्या मांडवात बोलायचा नाही, एवढे पथ्य संचालकाने पाळले पाहिजे.

आता मी तुमच्या ह्या वर्गाकडे येतो. इथे दिवसभर काम करून दमलेली माणसे रात्री पाटीपुस्तक घेऊन बसतात. कशासाठी? त्याचे एक कारण बँकेच्या खिडकीपाशी दिसते. ज्याला लिहिता येत नाही, त्याला स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यावी लागते. म्हणजे खाते नंबर सांगावा लागतो, रक्कम सांगावी लागते. "दादा, जरा एवढं भरून द्या," म्हणत तो अनोळखी माणसाला आपली मूठ उघडून दाखवतो. बहुतेक दादा भले असतात. एखादा नसतो. स्वतःची स्लिप स्वतः लिहिणाऱ्याला हा धोका घ्यावाच लागत नाही. रकमेचा आकडा त्याच्या मनातून कागदावर जातो, आणि कागदावरून कारकुनाकडे. मध्ये तिसरा कोणी नाही. मराठीत भरलेली स्लिप चालते. इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका.

ज्यांना अजून लिहिता येत नाही, त्यांनी अनोळखी माणसाकडे जाऊ नये. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर जावे आणि त्याच्यादेखत अंगठा उठवावा. कोरी स्लिप अंगठा उठवून कोणाच्या हाती देऊ नये. एटीएमचा पिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी नंबर तर बँकेच्या माणसालाही सांगायचा नाही. तो विचारण्याचा अधिकार त्यालाही नाही.

आपलेही काही कर्तव्य आहे. पुढचा माणूस खिडकीशी असेल तर दोन पावले मागे उभे राहावे. त्याच्या खांद्यावरून पासबुकात डोकावू नये. कोणाची स्लिप भरून दिली, तर भरून झाल्यावर तो आकडा विसरून जावा. घरी येऊन "आज अमक्याने इतके काढले" हे बोलू नये. कारकुनाने जी गंमत करू नये, ती आपणही करू नये.

एवढे करूनही बँकेच्या माणसाने आपली गोष्ट फोडली, तर भांडत बसू नका. तारीख, वेळ आणि काय बोलला ते लिहून काढा. तो अर्ज शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा टेलिफोन नंबर आहे. तो वहीत उतरवून घ्या.

तुमच्या गुरुजींनी बँकेतून कोऱ्या स्लिपा आणून ठेवल्या आहेत. आज प्रत्येकाने एकेक घरी न्यावी. तारीख, आपले नाव, खाते नंबर, रक्कम आकड्यांत, आणि तीच रक्कम अक्षरांत, शेवटी 'फक्त' लिहून, अशी ती भरावी. सराव झाला की ती फाडून टाकावी. खाते नंबर लिहिलेला कागद तसाच टाकायचा नाही, हेही आजच्या धड्यातलेच समजा.