मोजणारी माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या उज्जैनमध्ये घरोघरी एकच विषय निघतो. मुलाला इंदूरला ठेवायचं की थेट कोट्याला? इंदूरला ठेवायचं तर भंवरकुआँ भागात खोली बघायची, मेस ठरवायची, क्लासची फी भरायची. मी या गावात बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे ओळखीचे पालक अजूनही सल्ल्याला येतात. मूल शेजारी खाली मान घालून बसलेलं असतं आणि आई विचारते, "बाई, याने पुढे काय करावं?" मी आधी त्या मुलाकडे वळते. "तू आजवर एखादी गोष्ट स्वतः नीट पाहिली आहेस का? मोजलीस का? लिहून ठेवलीस का?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मुलं हुशार असतात, मार्क चांगले असतात. पण चार भिंतींबाहेर जाऊन एखादी गोष्ट महिनाभर रोज पाहायची संधी त्यांना कोणी दिलेलीच नसते.

आज मला याच विषयावर बोलायचं आहे. उद्याचे कर्ते आणि पुढारी या पाहण्या-मोजण्यातून तयार होतात, असं माझं मत आहे, आणि उज्जैनसारख्या गावात त्याचे पुरावे डोळ्यांसमोर उभे आहेत.

क्षिप्रेच्या काठी आमची वेधशाळा आहे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं उभारली. मथुरेची वेधशाळा नामशेष झाली. उज्जैनची मोडकळीला आली होती, पण 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पुढे तिला जिवाजी वेधशाळा हे नाव मिळालं आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे.

आपट्यांचं नाव आज उज्जैनमधल्या मराठी मुलांनासुद्धा ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो काळ पंचांगशुद्धीच्या वादाचा होता. पंचांगात ग्रह एका जागी लिहिलेला असे आणि आकाशात तो दुसरीकडे दिसे. व्यंकटेश बापूजी केतकरांपासून लोकमान्य टिळकांपर्यंत मोठमोठी माणसं या प्रश्नात पडली होती. आपट्यांनी 'सर्वानंदकरण' हा ग्रंथ लिहिला आणि वेधशाळेतली यंत्रं पुन्हा वेध घेण्याजोगी केली. त्यांच्याच देखरेखीखाली इथे शंकुयंत्र उभं राहिलं: एक गोल ओटा, मधोमध शंकू आणि ओट्यावर सात रेषा, ज्यांच्यावरून शंकूची सावली वर्षभर पुढे-मागे सरकते. या वेधशाळेची ग्रहस्थितीची वार्षिक पुस्तिका 1942 पासून निघते आहे.

सम्राटयंत्राजवळ मी मुलांना घेऊन जात असे. दोन्ही बाजूंना कमानीसारख्या वळलेल्या कडा, मधे उत्तरेकडे चढत गेलेली भिंत. भिंतीची सावली कडेवरच्या खुणांवर पडते आणि त्यावरून वेळ वाचायची. मुलं वेळ वाचत, मग मनगटावरचं घड्याळ बघत आणि ओरडत, "बाई, यंत्र चुकतंय!" फरक साधारण सत्तावीस मिनिटांचा येई, महिन्यागणिक कमी-जास्त होई. मी काहीच सांगत नसे. दोन मुलं खाली बसून वहीत आकडे मांडू लागत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. हिशेब जुळला की त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते गुणपत्रिकेवर उमटत नाही. यंत्र उज्जैनचीच वेळ दाखवत होतं. जूनमध्ये भर दुपारी शंकूची सावली पार नाहीशी होते, कारण कर्कवृत्त आमच्या उशाशीच आहे. हे पुस्तकात वाचलेलं मूल विसरतं, पण अंगावर ऊन घेऊन पाहिलेलं मूल जन्मभर लक्षात ठेवतं.

अशी मुलं पुढे काय होतात? सगळी काही खगोलशास्त्रज्ञ होत नाहीत. कोणी भूमापनात जातं, कोणी पाण्याच्या प्रयोगशाळेत, कोणी हवामान खात्यात, कोणी उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करण्याच्या कामात. ही सगळी आजची, पोट भरणारी कामं आहेत आणि त्यांना माणसं लागतात. आणखी एक काम सांगते. शिंदेशाहीचा मराठी कारभार मोडी लिपीत चालायचा. माळव्यात घराघरांत अजून मोडी कागदांची बाडं पडून आहेत आणि ती वाचणारं कोणी नाही. उज्जैनच्या विद्यापीठाच्या सिंधिया प्राच्यविद्या प्रतिष्ठानात हजारो हस्तलिखितं आहेत. ती जपायला, वाचायला, सूचीबद्ध करायला तरुण हात हवेत. ज्या मराठी मुलाला घरातच भाषा मिळाली आहे, त्याने सहा महिने मोडी शिकण्यात घातले तर ते वाया जाणार नाहीत. पालकांनो, अभियांत्रिकी आणि स्पर्धापरीक्षांच्या बरोबरीने या कामांचीही नावं घरात निघू द्या.

आता नेतृत्वाकडे येते. या विषयावर बोलायचं तर माझ्यासमोर उज्जैनचाच एक माणूस येतो: विष्णू श्रीधर वाकणकर. गावातले जुने लोक त्यांना हरिभाऊ म्हणत. 1919 मध्ये नीमचला त्यांचा जन्म झाला, पिंड चित्रकाराचा. 1957 मध्ये रेल्वेने जाताना भोपाळच्या दक्षिणेला त्यांना दूरवर डोंगरातले खडक दिसले. चित्रं असलेल्या गुहा अशाच खडकांत असतात, हे त्यांच्या नजरेने ओळखलं. ते तिथे पायी गेले आणि भीमबेटका जगासमोर आलं. शेकडो शैलाश्रय, त्यांच्या भिंतींवर हरणं, बैल, शिकारी, नाचणारी माणसं. 2003 मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारशात स्थान दिलं. त्या रेल्वेने त्याआधी हजारो माणसं गेली होती आणि तेच खडक त्यांनीही पाहिले होते.

मला त्यांच्या शोधापेक्षा त्यांची माणसं घडवण्याची रीत जास्त मोलाची वाटते. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन काढलं आणि चित्रकला शिकायला येणाऱ्या मुलांना ते डोंगरदऱ्यांत बरोबर नेऊ लागले. गुहेच्या भिंतीवरचं फिकट झालेलं चित्र कागदावर जसंच्या तसं उतरवायचं, हे तिथे मुलांचं काम. आपल्या मनाने एक रेषही वाढवायची नाही. हरणाचं शिंग तुटक दिसतंय तर तुटकच काढायचं. पुढे नावारूपाला आलेले चित्रकार सचिदा नागदेव हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पुढाऱ्याची हीच खरी परीक्षा, असं मला वाटतं: तो कामावर सर्वांत आधी पोहोचतो आणि त्याच्याबरोबर गेलेलं पोर परत येताना काहीतरी करायला शिकून येतं.

उज्जैनपासून पंचवीसेक किलोमीटरवर छोट्या काली सिंधच्या काठी कायथा नावाचं गाव आहे. वराहमिहिराचं गाव हेच, असं परंपरा सांगते. तिथलं पांढरीचं टेकाड वाकणकरांनी ओळखलं, 1965-66 मध्ये उत्खनन केलं आणि चार हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती उजेडात आणली. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अन्सारी आणि ढवळीकर यांनी तिथे पुढचं उत्खनन केलं. आज पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'कायथा संस्कृती' हे नाव छापलं जातं. माळव्यातल्या एका खेड्याला ते नाव मिळालं, कारण कोणीतरी त्याच्या मातीतली खापरं उचलून, पुसून, त्यावर क्रमांक टाकून ठेवली.

आणि शिकण्याचं वय? वाकणकरांनी डेक्कन कॉलेजमधून पीएच.डी. मिळवली ती 1973 मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. पद्मश्री मिळाली 1975 मध्ये. साठी उलटल्यावर ते लुप्त सरस्वतीच्या पात्राच्या शोधात हरियाणापासून गुजरातपर्यंत फिरले. त्या मोहिमेच्या निष्कर्षांवर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असणारच. पण पंचविशीत नोकरी लागली नाही म्हणून आयुष्य संपलं असं मानणाऱ्या मुलामुलींना मी हे पीएच.डी.चं साल आवर्जून सांगते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगत आले, ती सांगते. ती म्हणजे आमची नदी.

क्षिप्रा आज स्वतःच्या पाण्यावर बारमाही वाहत नाही. 2014 पासून नर्मदेचं पाणी शेकडो मीटर वर चढवून तिच्या उगमाजवळ सोडण्याची सोय झाली. पर्वस्नानाच्या आधी घाटांवर स्वच्छ पाणी दिसावं म्हणून नर्मदेचं पाणी सोडलं जातं. आणि गावाच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीला, इंदूरहून येणारी कान्ह नदी सांडपाणी घेऊन तिला मिळते. ज्या इंदूरने 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला क्रमांक टिकवला, घराघरांत कचरा वेगळा करायची सवय लावली, त्याच इंदूरच्या खालच्या अंगाला आम्ही राहतो. इंदूरच्या लोकांनी रस्ते स्वच्छ करून दाखवले याचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्याकडून नदीच्या स्वच्छतेचीही अपेक्षा करावीशी वाटते. आता कान्हचं पाणी बंद नाल्यातून आणि बोगद्यातून शहराला वळसा घालून पुढे नेण्याची मोठी योजना हाती घेतली आहे. 2028 च्या सिंहस्थाला तिचा उपयोग होईल, अशी अपेक्षा आहे. पण वळवलेलं पाणी शुद्ध झालेलं नसतं, ते कोणाच्या तरी गावावरून पुढे जाणारच असतं. उगमाशी, प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी शुद्धीकरण झाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

यात तरुणांनी काय करायचं? घोषणा देणारे पुष्कळ आहेत. आमच्या फ्रीगंजच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांवर वीस-बावीस वर्षांच्या मुलांचे फोटो असतात आणि खाली 'युवा नेता' असं लिहिलेलं असतं. त्या मुलांची उमेद मला हवी आहे. त्यांच्यापैकी दहा जणांनी रामघाटावर दर रविवारी सकाळी एकाच वेळी, एकाच जागी यावं. वीस सेंटिमीटर व्यासाची एक तबकडी घ्यावी, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्यावा, मधून खुणा केलेली दोरी ओवावी, खाली वजन बांधावं आणि ती पाण्यात सोडावी. तबकडी दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. पाणी किती नितळ आहे, हे त्यावरून कळतं. सरोवरांचे अभ्यासक हेच करतात आणि खर्च फार तर शे-दोनशे रुपये. बरोबर तापमान घ्यावं, रंग आणि वास लिहावा, मेलेले मासे दिसले तर मोजावेत. विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती केली तर विरघळलेला प्राणवायू कसा मोजायचा, तेही ते शिकवतील.

अशी वर्षभराची वही हातात असलेल्या मुलाशी महानगरपालिकेचा अधिकारी वेगळ्या पद्धतीने बोलतो. "पाणी घाण आहे" असं म्हटलं की उत्तर मिळतं, "व्यवस्था चालू आहे." पण अमुक तारखेला तबकडी इतक्या खोलीवर दिसत होती आणि तमुक तारखेनंतर वीतभर खालीही दिसेनाशी झाली, असं कागदावर दाखवलं की समोरच्याला त्या तारखेला वर काय सोडलं गेलं, याचा शोध घ्यावाच लागतो. नागरिकाचं बळ तिथे सुरू होतं. आपट्यांनी आकाशाकडे पाहून पंचांग तपासलं. सरकारी कागद नदीकडे पाहून तपासण्याची वेळ आता तुमची आहे.

सिंहस्थाला आता फार वेळ उरलेला नाही. 2027 मध्ये नाशिकला गोदावरीवर आणि 2028 मध्ये उज्जैनला क्षिप्रेवर कोट्यवधी माणसं उतरतील. त्या गर्दीत तात्पुरती कामं खूप निघतील: वाहनतळ, मंडप, भोजनशाळा, मदतकेंद्रं. मुलांनी ती जरूर करावीत, चार पैसे मिळवावेत. पण मेळा उठल्यावर हाती काय राहील, याचाही विचार आजच करावा. ज्याच्याकडे नदीची दोन वर्षांची नोंद असेल, त्याला पाण्याच्या क्षेत्रात उभं राहण्याची एक वाट मोकळी असेल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सहलीसाठी लांब जाऊ नका. एक दिवस वेधशाळेला द्या, एक कायथ्याला, एक त्रिवेणीला, आणि प्रत्येक मुलाच्या हातात कोरी वही द्या. पालकांना विनंती अशी की रविवारच्या सकाळी दोन तास मुलाला क्लासमधून सोडा. आणि तरुण मित्रांनो, नाशिकला गोदेच्या काठी असा, इथे क्षिप्रेच्या काठी असा, किंवा तुमच्या गावच्या एखाद्या ओढ्याकाठी असा, येत्या रविवारी सकाळी सातला पाण्याजवळ जा आणि पहिल्या पानावर तारीख लिहा.