खलाशी ते सारंग : भार उचलण्याच्या विद्येच्या पायऱ्या
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून विद्याप्रसार, विवाहातील अनाठायी खर्च, वसतिगृह इत्यादी विषयांवर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, व ते उचितच आहे. परंतु ज्या कामावर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, त्या विंचेच्या दांड्याविषयी येथे कोणी बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या कामात मनुष्य वर कसा चढतो, आणि आज आपले तरुण अर्ध्या वाटेवर का अडतात, एवढेच आज मांडावयाचे आहे.

जुना जिना प्रथम पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मुंबईच्या मोठमोठ्या आगबोटींवर डेकवरच्या कामास जात, त्या काळी नव्या पोराच्या हाती कोणी विंच देत नसे. प्रथम झाडू, मग रंगाचा कुंचला, मग दोर. खलाशी म्हणून काही सफरी झाल्या, दोर ओवणे, गाठी मारणे, फळक्याच्या तोंडाशी उभे राहून माल खाली कसा उतरतो ते पाहणे अंगवळणी पडले, म्हणजे मग विंचेजवळ जावयाची परवानगी. पुढे कोणी सुकाणी होई, कोणी कोठाराचा कसाब होई, कोणी तांडेल. आणि सर्वांच्या वर सारंग. हे शब्द आपणांस इतके परिचयाचे आहेत की त्यांतील काही आपल्याकडे आडनावे होऊन बसले आहेत. आडनाव वारशाने मिळते. हुद्दा मात्र वारशाने मिळत नसे, हे येथे नमूद करून ठेवतो.

या लोकांची एक स्वतंत्र बोलीच होती. लेफ्टनंट टॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यास तिचा कोश छापला, कारण खलाशांची भाषा न कळणारा गोरा अधिकारी जहाजावर निरुपयोगी ठरे. 'हबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे सोड. त्यांतील 'आरिया' हा पोर्तुगीज 'आरिआर' या क्रियापदाचा वंशज होय. गंमत अशी की, डोलकाठीची जहाजे गेली, वाफेच्या आगबोटी गेल्या, तरी इमारतीच्या कामावर क्रेनखाली उभा असलेला कामगार आजही 'आरिया' अशीच हाक देतो.

आता प्रत्येक पायरीवर शिकावयाचे तरी काय? नवख्यास वाटते की दांडा पुढे केला की भार वर जातो आणि मागे केला की खाली येतो; एवढे तर एका सकाळी येईल. वाफेच्या विंचेवर मात्र सकाळी प्रथम सिलिंडरात साचलेले पाणी हलके हलके काढून टाकावे लागे. ते न करता एकदम वाफ सोडणारा यंत्र फोडून बसे. म्हणजे पहिला धडा धीराचा. दुसरा धडा वायरचा. रिळावर शेवटचे दोन-तीन वेढे कधीही सुटू द्यावयाचे नाहीत, वायरच्या फासात पाय ठेवावयाचा नाही, ताणलेल्या वायरच्या रेषेत उभे राहावयाचे नाही, आणि तुटलेल्या तारांची बोंडे हाताला लागू लागली की ती वायर कामातून काढावयाची. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रिळावर वायरचे थर चढत गेले की वायर वेगाने येऊ लागते, परंतु ओढण्याचे बळ कमी होते. मोकळ्या रिळावर जो भार लीलया येतो, तोच भरलेल्या रिळावर यंत्राला जड जातो.

परंतु तांडेलास खलाशापासून वेगळे करणारी विद्या कोनाची आहे. दोन टनांची पेटी दोन पायांच्या स्लिंगने उचलावयाची आहे असे समजा. दोन्ही पाय सरळ उभे असले तर प्रत्येकावर एक टन. पायांमधील कोन ६० अंशांचा झाला की प्रत्येकावर सुमारे १.१५ टन, ९० अंशांस सुमारे १.४ टन, आणि १२० अंशांस प्रत्येक पायावर पुरे दोन टन! पेटी तीच, स्लिंग तीच, पण केवळ पाय फाकले म्हणून ताण दुप्पट झाला. पूर्वी जहाजावर दोन डेरिक जोडून काम चाले. एक फळक्यावर, दुसरा धक्क्यावर, दोघांच्या वायरी एकाच आकड्याला, आणि दोन विंचा एकाच वेळी, एक घेत व दुसरी सोडत. त्यात भार जितका उंच उचलावा तितका दोन वायरींमधील कोन वाढत जातो. म्हणून भार कठड्यावरून जेमतेम सुटेल एवढाच वर न्यावा, अधिक नव्हे, असा दंडक होता. ज्या तांडेलांना अक्षरओळख नव्हती, तेही हा दंडक पाळीत. त्यांनी भूमितीचे पुस्तक पाहिले नव्हते. वायरीचा आवाज त्यांनी ऐकला होता.

यावरून कोणी म्हणेल की मग पुस्तकाची गरज काय? ती गरज त्या तांडेलांनाच सर्वांत अधिक भोवली. सारंगाच्या वर त्यांना जिना नव्हता. चाळीस माणसांकडून काम करून घेणारा, वादळात डेक सांभाळणारा सारंग एखाद्या कोवळ्या गोऱ्या मेटच्या हाताखाली निवृत्त होई, कारण मेटपाशी प्रमाणपत्र होते व सारंगापाशी केवळ 'नळी', म्हणजे सफरींची नोंद असलेले पुस्तक. हिंदी मुलांना अधिकारी करण्यासाठी 'डफरीन' हे शिक्षणजहाज मुंबईत १९२७ साली सुरू झाले. तेथे इंग्रजी शिकलेली मुले गेली. विंचेवर हात घासलेली माणसे जेथल्या तेथे राहिली.

जगाने मात्र या कामाची प्रतिष्ठा ओळखली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३२ च्या करारात असे घातले की, भार उचलण्याचे यंत्र चालविणारा, त्याला इशारा करणारा आणि विंचेच्या रिळाशी वायर सांभाळणारा मनुष्य पुरेसा कुशल व भरवशाचाच असला पाहिजे. यांत इशारा करणाराही मोजला आहे, हे विशेष. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन होऊन रोजंदारीच्या अनिश्चिततेला काहीसा आळा बसला. पुढे १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा आला व १९९० च्या नियमांनी अठरा वर्षांखालील कोणासही असे यंत्र देऊ नये असे ठरविले.

इशाऱ्याचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो. इशारा एकानेच द्यावयाचा, आणि विंचवाल्याने त्याचाच मानावयाचा, हा नियम सर्वत्र आहे. त्याला अपवाद एकच. 'थांब' हा इशारा कोणीही दिला, अगदी काल आलेल्या पोराने दिला, तरी तत्क्षणी मानावयाचा. आमच्या मते पुढारी झाला की नाही याची परीक्षा येथे होते. पोराने उगाच थांबविले म्हणून जो तांडेल त्याच्यावर डाफरतो, त्याच्या टोळीत पुढच्या खेपेस कोणी थांबविणार नाही. जो थांबतो, पाहतो, आणि काही नसल्यास हसून 'हबेस' म्हणतो, त्याच्या टोळीत हातपाय शाबूत राहतात.

आता आजचे पाहा. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, कंटेनर आले आणि जोडडेरिकची टोळी जवळजवळ संपली. आपल्याच जिल्ह्यात जयगडला २००९ पासून नवे बंदर उभे आहे. तेथील यंत्रांवर बसावयास नुसता अनुभव पुरत नाही. उलट मिरकरवाड्यास जा. ट्रॉलरवर विंच आहे, वायर आहे, रात्रीची वेळ आहे, ओला डेक आहे. आणि विंचेशी उभा असलेला मुलगा कोणाचा तरी भाचा किंवा शेजारी आहे, एवढीच त्याची पात्रता. गोदीसाठी केलेले नियम समुद्रात जाळे ओढणाऱ्या नौकेपर्यंत पोहोचत नाहीत. बाहीचे टोक रिळात गेले की काय होते, ते सांगण्याची आवश्यकता नाही. तसे हात आपल्या वाड्यांत आहेत. आणि जे शाबूत राहतात, ते दहा वर्षांनंतरही खलाशीच राहतात, कारण त्यांनी काय शिकले याची कोठे नोंद नाही. जुन्या सारंगापाशी निदान नळी तरी होती!

दोष केवळ नौकामालकांचा नाही. आपल्या शिष्यवृत्ती निधीचे नियम पदवीच्या विद्यार्थ्यालाच पात्र मानतात. दहावीनंतर सहा महिन्यांचे जी. पी. रेटिंगचे शिक्षण घेऊन जहाजावर जाऊ इच्छिणारा मुलगा, अथवा १९६३ साली कोचीन येथे सुरू झालेल्या केंद्रीय मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण संस्थेत मासेमारी नौकेच्या मेटचे शिक्षण घेऊ पाहणारा मुलगा आपल्या निधीच्या दारात उभाच राहू शकत नाही. कारकुनाला आपण विद्यार्थी म्हणतो. विंचवाल्याला म्हणत नाही. हा नियम बदलावा, असा ठराव आम्ही मंडळापुढे ठेवीत आहोत, आणि त्यावर या संमेलनातच मत घ्यावे.

दुसरी सूचना अगदी अल्पखर्चाची आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा नौका वर ओढलेल्या असतात आणि तरुण मोकळे असतात. त्या दिवसांत ज्ञातिगृहाच्या पडवीत एक जुनी विंच आणून उघडून ठेवावी. आपल्यांत आगबोटींवर तांडेलकी व सारंगी केलेले जे वृद्ध अद्याप आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे बसावे; कोनाचे गणित शिकविण्यास आपल्यांतीलच एखादा शिक्षक मिळेल. शिकणाऱ्याच्या नावाची वही ठेवावी, आणि कोणत्या तारखेस कोणी काय पाहिले व कोणी काय करून दाखविले हे त्यात लिहून वृद्धांची सही घ्यावी. ज्यांच्या घरी वडिलांची अथवा आजोबांची नळी पेटीत पडून असेल, त्यांनी ती पाहण्यापुरती आणावी. नोंदी कशा ठेवीत असत हे मुलांना तिच्यावरून दाखविता येईल. नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत. नौका पाण्यात पडण्यापूर्वी, नारळी पौर्णिमेच्या आत, पहिली तुकडी पुरी व्हावी अशी योजना आहे.